सहभागी क्रमांक सतरा

परळच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक्केचाळीस नंबर तिसऱ्यांदा पुकारला गेला, तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाईनं मान वर न करताच एक बोट वर केलं. एवढंच झालं. एक मिनिट, असा त्या बोटाचा अर्थ. तिच्या खांद्याला खांदा लावून एक म्हातारा बसला होता, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातून पाणी गळत असलेलं. त्याला आपला नंबर ऐकू आला होता. "सीमा, आपलाच ना गं?" असं तो दोनदा म्हणाला. "हो बाबा, उठतेच," सीमा म्हणाली, आणि उठली नाही. तिचा अंगठा मोबाइलवर चालतच राहिला. नर्सनं खांदे उडवले आणि बेचाळीस नंबर पुकारला. बेचाळीस नंबर अनुजाच्या वडिलांचा होता.

"अनू, आपण जायचं का? त्यांचा आधी आहे," शरदचंद्र म्हणाले. एक्क्याऐंशी वर्षांचा हा माणूस अजून रांगेतला क्रम पाळायचा. अनुजानं त्यांना हाताला धरून उठवलं आणि डॉक्टरांच्या दाराकडे नेलं. जाताना तिनं त्या बाईच्या मोबाइलकडे बघायचं टाळलं. बघायची गरजच नव्हती. मघापासून दर काही सेकंदांनी जो बारीकसा टिणटिण आवाज येत होता, तो तिला ओळखू येत होता. एक काम संपत आलंय आणि ते संपायच्या आतच दुसरं सुरू झालंय, असं सांगणारा तो आवाज. खेळ कुठल्या का कंपनीचा असेना, आवाजामागची युक्ती अनुजाची होती. डॉक्टरांनी वडिलांच्या डोळ्यात थेंब टाकले, काहीबाही विचारलं. अनुजा उत्तरं देत गेली, पण तिच्या डोळ्यांपुढे ते बोट तसंच उभं होतं. बाहेर आल्यावर तो म्हातारा अजून बाकावरच होता. "काय झालं पोरी, बोलावलं का?" तो कुठेतरी समोर बघून विचारत होता.

डॉ. अनुजा विजयकर यांनी अठरा वर्षं एकाच प्रश्नावर काढली होती: खेळणारा उठत का नाही? लोक का खेळतात, यावर पुष्कळांनी लिहिलं होतं. का थांबत नाहीत, यावर तिनं लिहिलं. तिची आई म्हणायची, हातातला घास टाकून पानावरून उठू नये. लहानपणी गिरगावातल्या त्यांच्या घरी दाराशी कोणी आलं, हाक मारली, तरी हातातला घास तोंडात गेल्याशिवाय कोणी उठत नसे. अनुजानं त्यातून आपली युक्ती काढली. खेळणाऱ्याच्या हातात सतत एक अर्धा घास ठेवायचा. पहिलं काम पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू करून द्यायचं, म्हणजे उठायला जागाच राहत नाही. इंग्रजी निबंधात त्याला तिनं 'हाफ मॉर्सल' म्हटलं होतं. ते नाव चाललं. परदेशातल्या परिषदांत चाललं, बंगळूरच्या कंपन्यांत चाललं, विद्यार्थ्यांच्या तोंडी बसलं. मधे दोनदा तिनं विषय बदलायचा प्रयत्न केला होता. एकदा म्हाताऱ्या माणसांच्या पत्त्यांच्या खेळांवर लिहायला घेतलं, एकदा शाळेतल्या मुलींच्या सागरगोट्यांवर. दोन्ही निबंध परत आले. चांगलं आहे, पण याचा तुमच्या मूळ सिद्धांताशी संबंध जोडा, असा शेरा घेऊन. तिनं जोडला. आता तर संस्थेत तिला सगळे 'घासवाल्या मॅडम' म्हणत, आणि दोनच दिवसांनी, गुरुवारी, प्राध्यापकपदाची मुलाखत होती.

टॅक्सीत वडील डोळे मिटून बसले होते. ठाकूरद्वारला उतरताना म्हणाले, "त्या बाईला रागवायला हवं होतं कोणीतरी." अनुजानं टॅक्सीवाल्याला पैसे दिले. घरी आल्यावर त्यांनी खिडकीपाशी टेबलावर पत्ते मांडले. रोज संध्याकाळी ते पेशन्स खेळत. डोळ्यांत औषध असल्यामुळे त्यांना बदाम आणि चौकट एकच दिसत होते. पाच मिनिटांत त्यांनी सगळी पानं गोळा केली. "आज नाही जमत," म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन बसले. अनुजा त्यांच्याकडे बघत राहिली. इतकं सोपं. मांडलेला डाव एका हातानं मोडायचा आणि उठायचं. हे या माणसाला कोणी शिकवलं, आणि आपल्याला का शिकवलं नाही? तिनं चहा टाकला. दूध घालायचं विसरली. वडिलांनी तसाच प्यायला.

सहभागी क्रमांक सतरा. निबंधात त्याचं एवढंच नाव होतं. वय चोवीस, पुरुष, राहणार लालबाग. त्याचा आलेख जगभरच्या पाठ्यपुस्तकांत छापला गेला होता: डावीकडून निघालेली आणि खाली यायचं नावच न घेणारी एक रेघ, सहा तास दहा मिनिटांची. तो आलेख अनुजा डोळे मिटून काढू शकली असती. त्या रेघेखाली काय होतं ते मात्र तिच्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं, असं ती अठरा वर्षं मानत आली होती. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. संस्थेनं दादरला भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्यांत त्यांची प्रयोगशाळा होती. मधे प्लायवूडची भिंत, भिंतीत एकाच बाजूनं दिसणारी काच. पलीकडे संगणकावर एक साधा खेळ: घरं बांधायची, घर पुरं झालं की त्यात दिवा लागतो, आणि दिवा लागायच्या आधीच शेजारच्या घराचा पाया पडलेला असतो. सहभागी लोकांचे मोबाइल अलीकडच्या खोलीत ट्रेमध्ये ठेवून घेत. मनात येईल तेव्हा उठून जायची मुभा होती, पण आपण होऊन उठेपर्यंत त्यांना मधे टोकायचं नाही, हा नियम. तो नियम तिनंच लिहिला होता.

सतरा नंबर, म्हणजे जयवंत, पावणेबाराला बसला. सडपातळ, तेल लावून भांग पाडलेला, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. बसताना "मॅडम, किती वेळ लागतो साधारण?" असं विचारलं होतं त्यानं. बाकीचे लोक दीडदोन तासांत उठायचे. एक वाजून वीस मिनिटांनी ट्रेमधला त्याचा मोबाइल वाजला. नाव नव्हतं, नुसता लँडलाइनचा नंबर. वाजून बंद झाला. तिनं वहीत 'फोन, १३.२०' असं लिहिलं. दोन मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. चौथ्या वेळेला ती उठून दारापर्यंत गेली. हात कडीवर ठेवला. काचेतून तिला त्याचा चेहरा दिसत होता, शांत, थोडासा उघडा राहिलेला ओठ, डोळ्यांत एकामागून एक लागणारे ते दिवे. त्याआधी कोणीच इतका वेळ बसलं नव्हतं. कित्येक महिने ती ज्याची वाट बघत होती ते काचेपलीकडे घडत होतं, आणि तिच्या आयुष्यात तोवर तिनं तितकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. ती परत येऊन बसली. कोणाचा तरी फोन. करेल पुन्हा. आठव्या खेपेला तिनं मोबाइल उचलून आपल्या ओढणीत गुंडाळला आणि मांडीवर घेतला. तो तिच्या मांडीवर थरथरत राहिला. ती थरथर तिला अजून, कधीकधी वर्गात शिकवताना, उजव्या मांडीवर जाणवते.

पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी जयवंत उठला, लघवीला. बाहेर आला तेव्हा तिनं हसून मोबाइल त्याच्या हातात दिला होता. "रेकॉर्ड केलंत तुम्ही," असंही म्हणाली होती. त्यानं मोबाइलकडे पाहिलं. अकरा मिस्ड कॉल. मग तिच्याकडे पाहिलं. "वाजला का? मला नाही ऐकू आला," ती म्हणाली. तो "हं" म्हणाला आणि जिना उतरून गेला. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, म्हणून तिच्याबरोबर काम करणाऱ्या विनीतनं फोन लावला. "अगं, त्याचे वडील गेले," फोन ठेवून विनीत म्हणाला. "त्याच दिवशी. दुपारी घरात पडले, परळला हॉस्पिटलात नेलं, पाच-सव्वापाचला संपलं. दादर ते परळ, टॅक्सीनं दहा मिनिटं. काय एकेकाचं नशीब. सतरा नंबर बाद करू का?" आणि अनुजा म्हणाली होती, "नको. पहिलं सेशन पूर्ण आहे त्याचं." त्या संध्याकाळी तिनं वहीतलं ते पान फाडलं, फोनच्या वेळा सोडून बाकीचं नव्या पानावर उतरवून काढलं. निबंधात तिनं लिहिलं: खोली पूर्णपणे ध्वनिरोधक होती.

गुरुवारी मुलाखतीला पाच जण होते. चौघांनी नेहमीचं विचारलं. पाचवे होते नागपूरहून आलेले डॉ. राजरत्न मेश्राम. तिचा जुना निबंध त्यांच्यापुढे उघडा होता. पेन्सिलीनं त्या आलेखावर टकटक करत ते म्हणाले, "मॅडम, एक साधी शंका. हा माणूस सहा तास उठला नाही. त्याला मधे कोणी बोलावलं असतं, तर उठला असता का?" खोलीत एसीचा आवाज होता. अनुजाच्या घशाशी वाक्य आलं होतं. पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापदासह. तिला वाटलं, हे बोलून टाकलं की संपलं. निबंध जाईल, पद जाईल, ते 'घासवाल्या मॅडम' हे नाव जाईल, आणि दादरची ती खोलीही जाईल, जिच्यात आपण अठरा वर्षं बसलोय. "ती परिस्थिती आपण तपासली नव्हती, सर," ती म्हणाली. "पण पुढच्या संशोधनासाठी चांगला प्रश्न आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मेश्रामांनीही. शुक्रवारी दुपारी निवडीचं पत्र आलं. विद्यार्थ्यांनी पेढे आणले. वडिलांनी कपाटातून कोट काढून घातला आणि सिद्धिविनायकाला जाऊ या म्हणाले. ती त्यांना प्रभादेवीला घेऊन गेली, रांगेत उभी राहिली, हात जोडले. देवापुढे तिला एकच गोष्ट सुचली, की रांगेतून बाहेर पडायला इथे वेगळा दरवाजा आहे.

शनिवारी सकाळी तिनं कपाटातून जुनी फाइल काढली. सहभागी लोकांची संमतिपत्रं पाच वर्षांनी नष्ट करायची असतात. बाकीची तिनं केली होती. सतरा नंबरचं ठेवलं होतं, का ते तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्यावर लालबागच्या चाळीचा पत्ता होता, दुसरा मजला, खोली चौतीस. चाळ अजून असेल की तिथे टॉवर आला असेल, या विचारानं तिला एकदम हलकं वाटलं. टॉवर आला असेल तर आपण काय करणार? पण चाळ होती. खाली मसाल्याच्या गिरणीचा खाट सुटला होता, तिला जिन्यातच ठसका लागला. चौतीस नंबरच्या दारात चपला काढताना आतून एका माणसानं मान वर केली. पोट सुटलेलं, भांग मागे सरकलेला, बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी. त्यानं तिला लगेच ओळखलं.

"मॅडम? तुम्ही? कवळ्यांचं काही काम होतं का?" मग स्वतःच हसला. तो आता परळच्या एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायचा, सुट्टीच्या दिवशी घरीही काम आणायचा. खिडकीतल्या फळीवर गुलाबी हिरड्यांचे चारपाच साचे वाळत होते. भिंतीवर त्याच्या वडिलांचा, गणपतरावांचा, हार घातलेला फोटो. आत मोरीपाशी एक म्हातारी पाठमोरी बसून मासळी साफ करत होती.

"जयवंत, मला तुमच्याशी बोलायचंय. बाहेर बोलू या?"

ते दोघं कॉमन गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहिले. शेजारच्या दारात कोणीतरी कुकर लावला होता. खाली चौकात मुली लंगडी खेळत होत्या. अनुजानं सुरुवात नीट ठरवून आणली होती, ती तिला आठवेना. ती एकदम म्हणाली, "त्या दिवशी तुमचा फोन मला ऐकू आला होता. अकराही वेळा. मी मुद्दाम उठवलं नाही तुम्हाला. नंतर खोटं बोलले." हे बोलायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत, याचंच तिला नवल वाटलं. अठरा वर्षं, आणि एवढीशी वाक्यं.

जयवंत खाली बघत होता. बराच वेळ तो पेरांतली भुकटी नखानं काढत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, प्लायवूड होतं ते."

"काय?"

"ती भिंत. प्लायवूड. पलीकडे तुम्ही पेन खाली ठेवलंत तरी मला कळायचं." त्याचा आवाज अगदी साधा होता, कामाबद्दल बोलावं तसा. "पहिलाच ऐकला मी. माझीच रिंग ती, ओळखणार नाही? वाटलं, हे एवढं घर होऊ दे. मग दुसऱ्यांदा वाजला. म्हटलं, हे एक. घरी कोण एवढ्यांदा फोन करतं? म्हणजे काहीतरी झालंय, हेपण कळत होतं मला. हात थांबत नव्हता असं नाही. थांबला असता. मीच नाही थांबवला." तो थांबला. "नंतर तुम्ही काहीतरी टाकलंत ना त्याच्यावर? आवाज दबला. तेव्हा मला बरं वाटलं, मॅडम. खूप बरं वाटलं. कोणीतरी माझ्यासाठी केलं असं."

अनुजानं कठडा घट्ट धरला. लोखंड उन्हानं तापलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्याऐवजी तिच्या डोक्यात, नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या शिस्तीनं वाक्यं जुळायला लागली. खेळणाऱ्याला हाक ऐकू येते. हाकेचा अर्थही कळतो. हाक दाबणारा मिळाला की त्याला कृतज्ञता वाटते. हे कोणीच लिहिलेलं नाही. हे त्या रेघेपेक्षा कितीतरी मोठं आहे. तिचा हात पर्सकडे गेला. पर्समध्ये मोबाइल होता, मोबाइलमध्ये रेकॉर्डर. तिनं हात मागे घेतला, पण तो गेला होता हे तिला दिसलं, आणि बहुतेक जयवंतलाही दिसलं. डॉ. मेश्रामांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यासमोर उभं होतं, बनियनवर, बोटांना प्लास्टर लागलेलं, आणि त्या क्षणीसुद्धा ती त्या उत्तराला क्रमांक देत होती.

"आईला माहीत नाही," जयवंत म्हणाला. "मी तिला सांगितलंय, तिकडे मोबाइल कुलपात ठेवून घेतात म्हणून. तेवढं..."

"जयो, कोण इला रे?" आतून म्हातारी आली, हात पदराला पुसत. ही रखमा, त्याची आई. "त्या दादरच्या ऑफिसातल्या मॅडम, आई," जयवंत म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम चोवीस वर्षांचा झाला. "बाबा गेले त्या दिवशी मी जिथे होतो ना, तिथल्या."

रखमानं अनुजाकडे बराच वेळ पाहिलं. मग पुढे येऊन तिनं अनुजाचा हात धरला. ओला, थंड, मासळीचा वास असलेला हात. "बरा झाला इलंस बाय," ती म्हणाली. "कितके दिवस मनात हा, कोणाक तरी विचारूचा. हे सारखे म्हणीत होते, जयो खंय, जयो खंय. मी फोनावर फोन केलंय. वाजता, वाजता, कोण उचलीना. लोक मगे काय काय बोलले. जयोक आयकाक इला असताला, म्हणाले, तरी इलो नाय." तिनं हात सोडला नव्हता. "तो मोबाइल कुलपात होतो मां? कोणाक आयकाक इलो नाय मां गो?"

जयवंत चौकात बघत होता. खाली एका मुलीचा पाय टेकला आणि बाकीच्या सगळ्या ओरडल्या. अनुजा इथे खरं बोलायला आली होती, आणि ते खरं आता तिच्या एकटीचं उरलं नव्हतं. तिनं म्हातारीच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांच्यात संशय नव्हता, नुसतं थकून वाट बघणं होतं, दवाखान्याच्या बाकावर असतं तसं.

"हो काकी," ती म्हणाली. "कपाटात, कुलपात होता. कोणालाच ऐकू आला नाही."

रखमाचे खांदे खाली आले. मग तिनं शेजारच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "माया! अगो माया, हंय ये बघू!" आणि अनुजाला म्हणाली, "हिच्याच घरच्या फोनावरसून केलेलंय मी. हिकापण लोक म्हणतत तसाच वाटता, बोलणा नाय ती." कुकर बंद करून एक साठीची बाई दारात आली, चष्मा कपाळावर सरकवत. तिनं आधी जयवंतकडे पाहिलं, मग अनुजाकडे.

"ह्यो मॅडम थंयच होते," रखमा तिला म्हणाली. "सगळा ह्यांच्या म्होरच झाला. सांग गो बाय. हिका परत एकदा सांग."

माया दाराची चौकट धरून उभी राहिली. जयवंतनं मान वळवली नाही. अनुजानं घसा साफ केला आणि, वर्गात सांगावं तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, ते पुन्हा सांगितलं.